लॉरीचा साकव

लाडूमेस्त्री रंग खरवडत होता,
आणि मी आठ वर्षांचा, हातात बत्ती धरून उभा.
वरचा निळा इसाक सोलकरच्या हातचा,
बोटीला उरलेला.
खाली मिलिटरी हिरवा.
त्याखाली पिवळट, कुठल्यातरी वाळवंटाचा.
आणि त्याच्याही खाली पुन्हा हिरवा,
पण काळसर, ढगाळ मुलखातला.
"चार जन्म झाले हिचे," मेस्त्री म्हणाला,
आणि कानावरची विडी पेटवली.

पाटीवर कारखान्याचं गाव कॅनडातलं.
स्टिअरिंग उजवीकडे, कारण मागणी विलायतेची.
मग कुणी म्हणे इजिप्त, कुणी म्हणे बसरा.
एवढं खरं, की लढाई संपली तेव्हा
देवळालीच्या माळावर अशा लॉऱ्या रांगेने उभ्या होत्या,
आणि घरी न्यायचं भाडं
लॉरीच्या किमतीहून जड होतं.
लिलावात अट: चालती हवी तर एक मोडकीही उचला.
इसाकने दोन्ही उचलल्या,
वर एक पेटी बोल्टांची,
जे आजतागायत कशालाच बसले नाहीत.

वाघोटणच्या खाडीवर तेव्हा पूल कुठला?
दोन पडाव काथ्याने बांधले, वर माडाचे ओंडके,
आणि सुकती लागायच्या आत
ती तरंगत अलीकडे आली,
जत्रेला निघालेल्या म्हशीसारखी, मान ताठ.

धाकू मयेकर धक्क्यावर होता.
फौजेत दोन वर्षं असलीच हाकून आलेला,
आल्यापासून फारसा न बोलणारा.
त्याने चासीच्या खोबणीत बोट घातलं:
"हिच्या पोटात अजून रेती आसा."
चिमूटभर निघाली. तपकिरीच्या डबीत ठेवली.
दुसऱ्या दिवसापासून तोच ड्रायव्हर.

दिव्यांवरच्या पत्र्याच्या झापा
त्याने कधी काढू दिल्या नाहीत.
घाटात रात्री दोन फटींएवढा उजेड,
मागे सुक्या बांगड्याची पोती, पोत्यांवर माणसं,
आणि धाकू अंधाराला सरावलेला.
एकाहत्तरला सायरन झाला,
सगळे काचांना कागद चिकटवत धावले,
तेव्हा तालुक्यात एकटीच गाडी तयार होती.
त्या रात्री तो हसला, असं म्हणतात.
मी पाहिलं नाही.

पुढे चिरे वाहिले. मग कण्याला तडा गेला.
इंजिन बर्फाच्या कारखान्यात गेलं,
दार कोंबड्यांच्या खुराड्याला,
सीटची स्प्रिंग कुणाच्या तरी पाळण्याला.
उरला सांगाडा. तो बांदेवाडीच्या व्हाळावर
आडवा टाकला, वर फळ्या.
झाला साकव.

गेल्या मार्चात हॉलंडचा एक माणूस आला.
गुडघाभर पाण्यात साकवाखाली शिरला
आणि गंजातला नंबर बोटाने वाचत राहिला,
आंधळा वाचतो तसा.
त्यांच्याकडेही मागे राहिल्या होत्या म्हणाला,
त्याचा बाप असल्याच लॉरीतून दूध घालायचा.
नॉर्वेत लाकडं ओढली, ग्रीसमध्ये कलिंगडं.
किंमत विचारली.
इसाकची नात रेहाना धुणं पिळत होती.
"न्या की," ती म्हणाली,
"पण साडेदहाला शाळा भरते."
तो म्हणाला, सिमेंटचा बांधून देतो.
त्यावर सगळे जे हसले,
ते त्याला कसं सांगावं?
सिमेंटचा तर एकोणनव्वदपासून मंजूर आहे.

जाताना मी धाकूची डबी उघडून दाखवली.
त्याने चिमूट हातावर घेतली,
चष्म्याजवळ नेली, बराच वेळ.
इजिप्तची असेल, म्हणाला.
किंवा इथलीच.
आणि एक कणही न सांडता
परत डबीत घातली.

आता व्हाळाला पाणी कमी आहे.
रेहानाची शेळी मधोमध थांबते,
खालच्या लोखंडाला खूर लागतो
आणि खण्ण वाजतं.
तिला पलीकडे जायचंय की नाही
हे तिचं अजून ठरलेलं नाही.